खंडेनवमीचं इंजिन

तीन महिने! एक जुनं इंजिन खोलून पुन्हा बांधायला तीन महिने! गॅरेजवाल्याने एवढी मुदत मागितली हे ऐकून शैलेंद्रचं डोकंच फिरलं. वास्तविक इंजिन त्याच्या बॉसचं, मिस्टर लिमचं, गाडी लिमची, गॅरेजवालाही लिमचाच. शैलेंद्रने मुकाट्याने डब्यातली पोळी-भाजी खायची होती. पण सिंगापुरातल्या तुआसच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये खुद्द बॉससमोर तो बोलून गेला, "तीन महिने कशाला? मी घरी आठवड्यात करून देतो!"

(शैलेंद्र इंजिनिअर होता, हे कबूल. पण गेल्या बारा वर्षांत त्याने जे काही खोललं होतं, ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर.)

लिमने त्याचे दोन्ही हात धरले. पुढच्या रविवारी लिमच्या वडिलांचा ऐंशीवा वाढदिवस. म्हाताऱ्याला त्याच्याच जुन्या मॉरिस मायनरमधून जेवायला न्यायचं, असं लिमने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. आता गाडी चालू झाली नाही तर लिमचं हसं होणार होतं, आणि लिमचं हसं झालं की शैलेंद्रचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

शनिवारी चार माणसांनी ते काळंकुट्ट धूड क्लेमेंटीतल्या शैलेंद्रच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चढवलं आणि हॉलमध्ये टीव्हीपुढे ठेवलं.

"अरे, आता टीव्ही कसा बघायचा?" बायको म्हणाली. तिचं नाव अवनी.

"टीव्ही काय बघतेस? इथे इतिहास घडतोय!"

तो इतिहास घडवायला त्याने सगळं घर कामाला लावलं. लेक जाई यूट्यूब लावून बसली, अवनीने पाने-पकडी आणल्या, आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या त्याच्या आईने, सरोजिनीबाईंनी, जुना टूथब्रश घेऊन तेलकट काजळी घासायला सुरुवात केली. शैलेंद्र फक्त भाषण करत होता. "हे बघा, चार पिस्टन, चार दांडे, प्रत्येक दांड्याला खालून एक टोपी. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. म्हणून मी सगळं ओळीने मांडतोय."

"बाबा, नंबर टाकू का?" जाईने विचारलं.

"काही गरज नाही. सगळं माझ्या डोक्यात आहे."

गुरुवारी संध्याकाळी तो कामावरून आला, आणि दारातच थिजला. जमिनीवर पसरलेले पेपर गायब. फरशी लख्ख पुसलेली. कोपऱ्यात देवासमोर चौरंग, त्यावर लाल कापड, आणि त्यावर पिस्टन, दांडे, टोप्या, पाने, स्क्रूड्रायव्हर, सगळे हळदकुंकू लावून बसलेले. इंजिनाच्या धडाला झेंडूचा हार.

"आई! हे काय?"

"खंडेनवमी आहे ना आज! तुझ्या बाबांच्या कारखान्यात लेथलासुद्धा हार घालायचे. घरात इतकी हत्यारं असताना पूजा नको?"

"अगं, मी ते सगळं ओळीने मांडलं होतं!"

"मांडलं होतंस होय? मला वाटलं, पसरलंयस."

शैलेंद्रच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बॉसची अब्रू, आपली नोकरी, एका म्हाताऱ्याचा ऐंशीवा वाढदिवस, सगळं झेंडूच्या फुलांखाली गाडलं गेलं होतं, आणि वर ही बाई शांतपणे उदबत्ती ओवाळतेय! त्याने तरातरा जाऊन पान्याकडे हात नेला.

"अं हं! उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही."

"उद्या? शनिवारी गाडीत इंजिन बसवायचंय, आई!"

"मग उद्या घे की रजा. आणि इतका चिडू नकोस, उचलायच्या आधीच मी खुणा केल्यात. अवनीच्या नेलपॉलिशने. पहिल्या जोडीला एक ठिपका, दुसरीला दोन. आपल्याकडे कार्याला शेजारची पातेली आणतो तेव्हा नाही का करत?"

"नेलपॉलिश! हे इंजिन आहे, पातेली नव्हेत!" शैलेंद्र इतक्या जोरात ओरडला की समोरच्या फ्लॅटमधल्या आजींनी दार उघडून पाहिलं. "मी माझ्या पद्धतीने जोडीन. ठिपक्यांकडे बघणारसुद्धा नाही!"

आणि खरंच बघितलं नाही. दसऱ्याची सकाळ, रजा काढलेली. उत्तरपूजा झाली तशी त्याने कुणालाही जवळ न येऊ देता, डोळे मिटून, आठवून आठवून, एकेक टोपी चढवली. दुपारी दोनला शेवटचा नट आवळला, हात पुसले आणि पुढची चक्री फिरवली. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला. छे! जाम! ढिम्म हलेना.

"इथली हवाच दमट," तो घाम पुसत म्हणाला. "लोखंड फुगतं."

"बाबा, दोन ठिपकेवाली टोपी तू तीनवाल्याला लावलीस," इंजिनाखाली डोकं घालून जाई म्हणाली, आणि वर शाळेतल्या सिंगापुरी थाटात, "राँग लाह."

सरोजिनीबाईंनी पदर खोचला, चष्मा चढवला, सगळ्या टोप्या पुन्हा काढायला लावल्या आणि चौरंगावर बैठक मारली. त्या "तीन ठिपके!" म्हणायच्या, जाई हुडकून द्यायची, अवनी आवळायची. शैलेंद्रला चहा करायला पाठवलं. तो चहा घेऊन येतो तो चक्री एका बोटाने फिरत होती. त्याला आनंद झाला. आणि आनंद झाला याचाच त्याला भयंकर राग आला.

शनिवारी लिमच्या गॅरेजात इंजिन गाडीत बसलं. सरोजिनीबाईंनी नारळ फोडला आणि मॉरिस पहिल्या झटक्यात सुरू झाली. मुद्दाम बघायला आलेल्या लिमच्या वडिलांचे डोळे भरून आले. शैलेंद्र गॅरेजवाल्याला तीन महिन्यांवरून चार शब्द सुनावत होता, तेवढ्यात जाईने लिमला सगळी हकिगत सांगून टाकली.

सोमवारी लिमने केबिनमध्ये बोलावलं. शैलेंद्रने जाता जाता एक विनयशील भाषण मनात जुळवलं.

"शैलेंद्र, माझ्या मेहुण्याकडे अजून एक जुनी गाडी आहे. तुझ्या आईचा इथे राहायचा पास वाढवता येईल? मी पत्र देतो."

"येईल की! मी घरी रजा घेऊन..."

"नो, नो, रजा नको," लिम घाईघाईने म्हणाला. "उलट त्या आठवड्यात तू ऑफिसातच जरा जास्त थांब. म्हणजे घरी काम लवकर उरकेल."