कारण क्रमांक चार: इतर

निरीक्षकाने निरीक्षणापासून स्वतःला अलिप्त ठेवावे, हे विज्ञानाचे पहिले तत्त्व. संशोधक महाशयांनी ते आयुष्यभर निष्ठेने पाळले होते. घरात भांडी घासायची वेळ आली की जरा जास्तच.

अशाच अलिप्तपणे ते आठ निवडक जलतरणपटूंना घेऊन सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या एका लाकडी विश्रामगृहात दाखल झाले. सिद्धान्त सोपा होता. विरळ हवेत तीन आठवडे राहिले की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि पोहणारा वेगाने पोहतो. तुलनेसाठी दुसरे आठ जण खाली शहरातच ठेवले होते. हे सिद्ध झाले की संशोधकांची सहा वर्षे लोंबकळत असलेली नोकरी कायम होणार होती. संचालकांनी तसे एकदा तोंडी सांगितले होते, आणि संशोधकांनी ते पत्नीला रोज तोंडी सांगितले होते.

पण दुसरा आठवडा सरत आला तरी वरचे आठ जण दिवसेंदिवस मंदावतच चालले.

"दोनशे मीटरला परवा दोन मिनिटं पाच, आज दोन मिनिटं सात," प्रशिक्षक बाई तलावाच्या काठावरून घड्याळ नाचवत म्हणाल्या. "असंच चाललं तर शेवटच्या दिवशी यांना गळ टाकून काढावं लागेल, सर."

"विरळ हवा, बाई. शरीर झगडतंय."

"शरीर जांभया देतंय."

तेही खरे होते. प्रत्येकाच्या मनगटावर झोप मोजणारा पट्टा होता, आणि आठही पट्टे एकच गोष्ट सांगत होते: झोप रात्री बरोबर पावणेअकराला मोडते आणि पहाटे पाचपर्यंत धड लागत नाही. संशोधकांना भरून आले. आठ निराळी शरीरे, क्षण एकच! असे आजवर कुठल्याच ग्रंथात आले नव्हते.

रोज नाश्त्याला ते एक फॉर्म भरून घेत. झोप मोडण्याचे कारण: एक, दम लागणे; दोन, डोके दुखणे; तीन, थंडी; चार, इतर. आठही जणांनी रोज 'इतर'वर खूण केली होती.

"इतर म्हणजे काय रे?" त्यांनी बटरफ्लाय पोहणाऱ्या लंबूला विचारले.

लंबूने बशीकडे पाहिले. "कसं सांगू, सर..."

"बरोबर! हे लक्षण शब्दांत पकडता येत नाही," म्हणत संशोधकांनी ते टिपून घेतले. समोर बसलेल्या बॅकस्ट्रोकवालीला दुधाचा ठसका लागला.

निरीक्षण जवळून व्हावे म्हणून संशोधकांनी शेवटची, नऊ नंबरची खोली सोडली आणि बॅकस्ट्रोकवालीशी अदलाबदल करून मधली पाच नंबरची घेतली. आता आलेख आणखी बोलका झाला. चार आणि सहा नंबरवाले रात्रभर टक्क जागे. एक नंबरवाला आणि नऊ नंबरवाली त्या मानाने सुखी. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात इथे लख्ख प्रकाश पडला असता. संशोधकांनी जमिनीची पातळी बघायची पाणसळ मागवली. दुपारभर गुडघ्यांवर रांगून व्हरांडा मोजला, तर तो मध्यभागी चार सेंटिमीटर उचललेला निघाला.

"चार सेंटिमीटरचा फरकसुद्धा शरीर ओळखतं, बाई!"

"मग सर, पलंगावर झोपणाऱ्याचं काय होत असेल?"

"तो पुढच्या संशोधनाचा विषय आहे."

या आनंदात त्यांनी घरी फोन लावला.

"तुमचं सावकाश होऊ द्या हो," पत्नी म्हणाली. "इकडची अजिबात काळजी करू नका. मला तर हल्ली अशी गाढ झोप लागते, कूस बदलल्याचंही कळत नाही."

"आधी नव्हती लागत?"

"एकोणीस वर्षांत नाही."

"नेमकी कधीपासून लागतेय?"

"तुम्ही गेलात त्या रात्रीपासून."

घर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीस मीटरवर होते. संशोधकांनी पत्नीचा खालच्या गटात नववी सदस्य म्हणून समावेश केला.

शुक्रवारी संचालकांना आणायला ते पायथ्याशी उतरले. संचालकांची गाडी उशिरा आली, म्हणून दोघांनी तिथल्याच लॉजवर दोन टोकांच्या खोल्यांत मुक्काम केला. शनिवारी सकाळी ते तलावावर पोचले, तर बाईंचे घड्याळ दोन मिनिटे एक सेकंद दाखवत होते. लंबू पाण्यातून बाहेर आला तोच हसत. आठातल्या सहा जणांनी आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली.

"वा!" संचालक टाळ्या वाजवत म्हणाले. "काल असं वेगळं काय केलंत?"

संशोधक पाणसळीबद्दल सांगायला तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, "काल सर इथं नव्हते."

"म्हणजे?"

"सर घोरतात."

संशोधकांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिले. "अरे, मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?"

"फॉर्ममध्ये तसा पर्याय नव्हता, सर," लंबू अदबीने म्हणाला.

"एका रात्रीवरून निष्कर्ष काढता येत नाही," संचालक म्हणाले. ते शास्त्रीय वृत्तीचे होते. लंबूला दुसरीकडे हलवून त्या रात्री ते स्वतः चार नंबरच्या खोलीत झोपले. निदान तसा त्यांचा बेत होता. सकाळी ते लाल डोळ्यांनी नाश्त्याला आले आणि बसायच्या आधी त्यांनी एक फॉर्म मागितला आणि पेन मागितले.

"उंचीचा सिद्धान्त गेला," खूण करून झाल्यावर ते म्हणाले. "पण इतका ठळक, इतका खात्रीचा परिणाम मी तीस वर्षांत पाहिला नाही. तुमची नोकरी कायम. मात्र इथून पुढे तुम्ही खालच्या गटाचं काम बघायचं. घरी राहून."

संशोधक त्याच संध्याकाळी घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली खालच्या गटाच्या नवव्या सदस्याने भरलेला फॉर्म ठेवलेला होता. खूण 'इतर'वर होती.