खारीला वारा

झालं होतं एवढंच की चहा उशिरा होत होता. पण नळवाल्या म्हाताऱ्याच्या लेखी चहाला उशीर म्हणजे घरातली मोठी टाकी फुटल्यासारखंच. तो खुर्चीतून उठला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, गॅसवर भांडंच नाही हे बघून परत आला, बसला, पुन्हा उठला. म्हातारी खिडकीशी पाय पसरून बसली होती. हातात ते खेळायचं यंत्र, दोन्ही अंगठे नुसते नाचत होते. पडद्यावर एक खार छपरांवरून उड्या मारत होती.

"अगं, चहा!"

"थांबा हो, खार पाण्याच्या टाकीवर चढलीये."

"टाकीवर खारीचं काय काम? झाकण नाही का तिला?" (उभा जन्म नळ बसवण्यात गेलेला माणूस. टाकी म्हटलं की त्याला राहवत नाही.)

म्हातारीनं मान वर केली नाही.

यंत्र सुनेनं आणलेलं. म्हातारीचं मनगट मोडलं होतं आणि प्लास्टर काढलं तेव्हा बोटं लाकडासारखी झालेली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. सून अशा यंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तिनं एक आणून सासूच्या हातात दिलं. बोटं मोकळी झाली. (घर आखडलं, त्याचं काय?)

सून कामावर निघाली होती. म्हाताऱ्यानं तिला दारातच गाठलं. "काय असतं गं त्या डबीत एवढं?"

"प्रोसेसर असतो, बाबा. हिशेब करायलाही तोच आणि चित्रं काढायलाही तोच. मोठ्या कॉम्प्युटरमध्ये चित्रांसाठी वेगळं कार्ड असतं. इथे जागा कुठाय? म्हणून दोन्ही एकाच चिपमध्ये."

"म्हणजे एकाच गड्याच्या डोक्यावर दोघांचं काम. तापत असेल मग."

"तापतो ना. म्हणून तर त्या डबीला मागे भोकं आणि आत पंखा. वारा कमी पडला की तो आपला आपणच हळू होतो, जळू नये म्हणून."

एवढं सांगून सून गेली. आपण काय करून बसलो हे तिला कुठून कळणार? जन्मभर ज्यानं भोक दिसलं की बुजवलं, त्यालाच ती भोकं दाखवून गेली होती.

म्हाताऱ्याचा विचार सरळ होता. मेन कॉक जरा आवळला की साऱ्या घरातल्या नळांचा जोर उतरतो. खार मंदावली की म्हातारी कंटाळेल. कंटाळली की उठेल. उठली की चहा. म्हातारी दुपारी कलंडली तेव्हा त्यानं हत्यारांच्या पिशवीतून फटी बुजवायची लांबी काढली, अंगठ्यानं मळली आणि एकेक भोक बुजवलं. पांढरं दिसेल म्हणून वरून काळं बूटपॉलिश फिरवलं. काम असं सुबक झालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. कुणाला दाखवायची सोय नव्हती, एवढंच दुःख.

संध्याकाळी तो पेपर धरून बसला. पेपर उलटा होता. पडद्यावर खार उडी मारायची आणि हवेत मधेच थांबायची, जणू घरी गॅस बंद केला की नाही ते आठवतेय. मग धप्पकन खाली. पुन्हा उडी, पुन्हा धप्प.

म्हातारी कंटाळली नाही. घाबरली.

"अहो, बटण वेळेवर दाबलंच जात नाहीये. बोटं पुन्हा गेली माझी."

"छे! यंत्रच बिघडलं असेल."

"यंत्राला काय धाड भरलीये? ते नवं आहे. जुनी मी आहे." तिनं यंत्र बाजूला ठेवलं, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "चहा तुम्हीच करा आता. माझ्या हातून कप पडायचा."

मग ती भिंतीकडे बघत बसली. म्हाताऱ्यानं तिला भांडताना पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं, पण रिकाम्या हातांनी बसलेली कधी पाहिली नव्हती. तो बाल्कनीत गेला, आत आला. नळ सोडला, बंद केला. खरं सांगून टाकावं असं चारदा मनात आलं. पण खरं सांगायचं म्हणजे आधी शिव्या खायच्या, आणि उपाशीपोटी शिव्या बाधतात.

शेवटी त्यानं फणीपाशी पडलेला म्हातारीच्या अंबाड्याचा आकडा उचलला, यंत्र घेतलं आणि न्हाणीघरात कडी लावली. लांबी वाळून दगड झाली होती. (काम चोख करायची सवय अशी नडते.) खरवडली तशी निम्मी बाहेर आली, निम्मी आत गेली. यंत्र चालू केलं तर आतून खर्रर्र.

सकाळी स्वारी सुनेच्या दुकानात हजर.

"बाबा, तुम्ही इथे?"

"यात मुंग्यांनी माती भरली गं."

सुनेनं यंत्र उलटं केलं, बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "आणि वरून बूटपॉलिशही मुंग्यांनीच केलं?"

म्हातारा छताच्या पाइपकडे बघू लागला. "तो जोड गळतोय तुमचा."

"बाबा!"

"चहा मिळत नव्हता," तो पुटपुटला.

सुनेनं यंत्र उघडून साफ केलं. पंख्याची पाती तुटली होती, ती मागवावी लागणार. तोवर बाहेरून वारा घातला तरच यंत्र नीट चालेल. "आईंना तुम्ही सांगता की मी?"

"तू सांग. नको, मीच सांगतो. तू फक्त मधे उभी राहा."

घरी जाऊन सुनेसमोर त्यानं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी बोटं शाबूत आहेत?"

"एकदम शाबूत!"

"बघू," म्हणत तिनं त्याचा कान धरला आणि असा पिळला की म्हातारा चवड्यांवर उभा राहिला. "आई गं! सोड, सोड!"

"हो गं," म्हातारी सुनेला म्हणाली. तोंडावर कालपासून पहिल्यांदाच हसू आलं होतं. "चांगली पकड आहे."

त्या दिवसापासून तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आली. म्हातारा ओट्याशी उभा. उजव्या हातात पुठ्ठा, त्यानं खारीला वारा घालायचा. डाव्या हातानं चहा ढवळायचा.

सुनेला दया आली. "आई, टेबलफॅन लावू का?"

"कशाला वेगळा? हे एकटे दोन्ही करतात की. तापतात जरा, पण चालतात."

"आणि हळू झाले तर?"

म्हातारीनं अंबाड्यातला आकडा काढून वर धरला. त्याच्या टोकाला अजून बूटपॉलिश होतं.

वारा एकदम वाढला.