भिमाजी चालू

ओट्यावरून स्टीलचं झाकण घरंगळलं आणि फरशीवर गरगरत, ठणठणत बराच वेळ बसायला जागा शोधत राहिलं. दुपारचे साडेतीन वाजले होते. वराळ्याच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एवढा वेळ जपून ठेवलेली शांतता तेवढ्यानं फुटली. प्रेरणानं धावत जाऊन झाकणावर पाय ठेवला, पण उशीर झाला होता.

आतून ठमीनं जाहीर केलं, "आई, माझी झोप झाली."

चार वाजता तिला कंपनीतल्या तिच्या साहेबांना, राजेश्वरी मॅडमना डेमो द्यायचा होता आणि त्या डेमोवर घर टांगलेलं होतं. कंपनीनं एक तारखेपासून सगळ्यांना पुण्याच्या ऑफिसात बोलावलं होतं. नवऱ्याची, निलेशची, कारखान्यातली पाळी दर आठवड्याला बदलणार, मग चार वर्षांच्या ठमीला ठेवायचं कुणाकडे? मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या, "तुझं ते टूल चालवून दाखव. आवडलं तर तुझ्या घरून कामाचं बघू."

ते टूल म्हणजे प्रेरणाचं दुसरं लेकरूच. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर नेटची एखादी लाइन चालू किंवा बंद करायची, तर त्या लाइनींची नावं गाडीच्या नंबरासारखी, आणि आज्ञा मंत्रासारख्या लांबलचक. एक अक्षर चुकलं की यंत्र इंग्रजीतून खेकसतं. प्रेरणाचं म्हणणं, नंबर कोण लक्षात ठेवतं? माणसं लक्षात राहतात. म्हणून लाइनीला माणसाचं नाव द्यायचं, इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं आणि पुढं 'चालू' नाहीतर 'बंद' लिहायचं. यंत्र मराठीत उत्तर देणार.

टूलची परीक्षा चालली होती लोहगडवाडीला, नंदामावशीच्या घरात. गडावर येणाऱ्यांची तिथं राहायची-जेवायची सोय होती आणि पाहुण्यांना पिठल्याआधी वायफाय लागायचं. एका जुन्या कॉम्प्युटरला तिथं दोन लाइनी जोडल्या होत्या. छतावरच्या तबकडीतून येणारी लाइन वेगवान, पण वारा सुटला की गायब. तिचं नाव मावशीच्या पुतण्यावरून पप्पू. खालच्या भाजे गावाकडून वायरीनं येणारी दुसरी लाइन सावकाश चालायची, पण कधी थांबायची नाही. तिचं नाव मावशीच्या यजमानांवरून भिमाजी.

चार वाजता ठमी मांडीवर, मॅडम पडद्यावर.

"बघा मॅडम, मी आत्ता इथूनच, पप्पूवरून, मावशीच्या कॉम्प्युटरच्या आत गेलेय. आता भिमाजी बंद करून दाखवते." प्रेरणानं टाइप केलं आणि एंटर दाबलं.

पुढं काहीच झालं नाही. कर्सर जागच्या जागी थिजला. सकाळच्या वाऱ्यानं तबकडीचं तोंड कधीच फिरलं होतं. पप्पू गायब होता आणि प्रेरणा भिमाजीवरूनच आत गेली होती. ज्या वाटेनं गेली, तीच तिनं स्वतःच्या हातानं मिटवली होती.

"स्क्रीन अडकली का गं?" मॅडमनी विचारलं.

"एक मिनिट हं, मॅडम."

"आई, तू भिमाजीआजोबांना बंद केलंस?" ठमीनं विचारलं.

तेवढ्यात मावशीचाच फोन आला. प्रेरणानं घाईघाईनं स्पीकर लावला. मॅडमचा कॉल म्यूट करायचा राहूनच गेला.

"प्रेरणे, पाव्हण्यांचं नेट गेलं म्हनून बघाया आले, तर हितं लाल अक्षरात काय लिवलंय? भिऽऽ..." मावशी अडखळली. "त्यांचं नाव आन् म्होरं 'बंद'! ते गडावर गेल्यात, गुडघा दुखतोय त्यांचा, आन् तू असलं लिवतीस?"

"मावशी, वायर आहे गं ती!"

"वायर हाय ते कळतंय मला. पर लाल कशाला?"

"हिरवं करू. तू फक्त काकांचं नाव टाइप कर आणि पुढं 'चालू' लिही. पाहुण्यांची बुकिंगं घेतेस ना, तशीच अक्षरं."

"मी? चाळीस वर्सं झाली, त्यांचं नाव घेतलं न्हाई."

"घ्यायचं नाहीच. दाबायचं."

"त्यांचं नाव बोटानं दाबू? तोंडानं घेतलेलं परवडलं!"

मागं पाहुण्यांची खसखस ऐकू आली. मावशीनं आपल्या मनानं तोडगा काढला आणि अक्षर अक्षर शोधून 'मालक चालू' असं टाइप केलं. यंत्रानं तत्परतेनं उत्तर दिलं. मावशीनं ते मोठ्यानं वाचलं, "मालक नावाचं इथं कोणी नाही." आणि लगेच, "बघ! बघ काय म्हनतंय! पप्पू, ए पप्पू, आधी गडावर पळ, तुझ्या चुलत्याला बघून ये!"

"मावशी, त्या यंत्राला काय कळतंय?"

"मग त्याला बोलाया कशाला शिकीवलंस?"

तेवढ्यात लॅपटॉपमधून राजेश्वरी मॅडमचा करडा आवाज आला, "प्रेरणा, त्यांना म्हणावं, उखाण्यात घ्या."

मावशीनं तो आवाज ऐकला. "कोन बोललं?"

"माझ्या साहेब आहेत."

"मग साहेबांचं ऐकाया पायजे." पाहुणे "नाव घ्या, नाव घ्या" करत कॉम्प्युटरभोवती जमले. मावशीनं पदर सारखा केल्याचं फोनवरूनही कळलं.

"गडाला चढती वाट, पायथ्याला पडवी,
भिमाजीरावांची वायर आमची प्रेरणा अडवी!"

टाळ्या पडल्या. त्या भरात मावशीनं नाव टाइपही केलं, पण आदरानं, 'राव' लावून. प्रेरणानं कपाळाला हात लावला. यंत्रानं मात्र विचारलं, "भिमाजीराव सापडत नाही. भिमाजी म्हणायचंय का? हो की नाही?" चुकलेलं नाव ओळखून विचारायची ही युक्ती प्रेरणाला मागच्या आठवड्यात ठमीची वेणी घालताना सुचली होती.

"ह्यानं तर नुसतंच नाव घेतलं! राव बी न्हाई लावला," मावशी म्हणाली.

"नाव त्यानं घेतलं ना? तू फक्त हो म्हण."

"हां. हे जमंल."

'भिमाजी चालू', हिरव्या अक्षरांत. प्रेरणाचा कर्सर पुन्हा लुकलुकायला लागला. त्याच क्षणी फोनमध्ये दुरून पुरुषी आवाज आला, "नंदा, च्या टाक गं."

"आले! हिरवं झालं आन् आले बघ!" म्हणत मावशीनं फोन ठेवला.

प्रेरणानं ठमीला घट्ट धरलं.

"आपल्या शिकलेल्या इंजिनिअरना फोनवरून हे करायला सांगितलं, तर अर्धा दिवस जातो," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या मावशींनी उखाणा घेता घेता केलं. पास! सगळ्या कंपनीत लावू."

प्रेरणानं ठमीचा पापा घेतला. "थँक यू, मॅडम! मग माझं घरून कामाचं..."

"आता कसलं घरून? सगळ्या टीमला शिकवायचंय, तुझ्याशिवाय कोण शिकवणार? एक तारखेपासून ये. अगं, साधं काम असतं तर दिलं असतं घरून."

कॉल संपला. काळ्या पडद्यावर भिमाजी हिरवेगार चालू होते.

"मॅडम रागावल्या?" ठमीनं विचारलं.

"नाही गं. त्यांना खूप आवडलं."

"मग तू घरी राहणार?"

"नाही राणी. ऑफिसात जायचंय."

ठमीनं जरा वेळ आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आई, तू छान केलंस म्हणून जायचं, का चुकलं म्हणून?"