एन्पिंगकर मकबाईंची चिप-मोहीम

कागद शाबूत आणि पाहणारे हयात, तोवर घडले ते लिहून ठेवावे. मागून सारवासारव होते, हा जाणत्यांचा दंडक. सबब चीन देशी एन्पिंग कसबा, जेथील कारागीर अवघ्या मुलखास माईक पुरवितात, तेथील कारखानदारीण मक सुतझानबाई यांनी दोन पातशाह्यांचे कैचीत सापडून जी शर्थ केली, तिची हकीकत यथास्थित लिहितो.

बाईंचे कारखान्यात कराओकेची यंत्रे होत. यंत्राचे पोटी नखाएवढी परदेशी चिप असे आणि तिची करामत ऐसी की, गाणाराचा सूर घसरला तर वरचेवर झेलून जागी बसवावा, मग शेवटी गुण द्यावे, आणि गाणारास वाटावे की गंधर्व तो मीच. ऐशात समुद्रापारच्या पातशाहीने फर्मान काढिले की, ही चिप शहाणी आहे, आज गाणे सुधारते, उद्या तोफेचा नेम सुधारील, सबब परवान्याच्या दस्तकाशिवाय चीन देशी जाऊ देऊ नये. मग नाकी बंद जाहली आणि कारखाना थंडावला. नववर्षाचा सण तोंडावर. कारागीर बोचकी बांधोन बसले आणि सणानंतर परतावे की न परतावे, हे बाईंचे मुद्रेवरून ताडू लागले. बाईंस अन्न गोड लागेना. मडक्यातला भात वाफाळत पुढे येई आणि तैसाच निवे.

ते समयी जुने मुकादम फुंगकाका हळूच बोलले, "बाई, चोरटी चिप मिळते म्हणे. मासळीच्या पेटीतून येते."

"आणि मग बोंबलाच्या वासाची यंत्रं विकू होय? दस्तक मागायचं. सरळ दारानं."

"सरळ दाराला कुलूप आहे."

"मग किल्लीवाल्याला बोलवा!"

मग अर्जी गेली, आणि खुलासे गेले, आणि खुलाशांचे खुलासे गेले, आणि अखेर त्या पातशाहीचे निरीक्षक प्रुइटसाहेब यांची खाशी स्वारी कूच दरकूच एन्पिंगास डेरेदाखल जाहली. साहेबांस चिनी भाषा उत्तम येई आणि संशय त्याहून उत्तम. यंत्र उघडविले, आत विजेरी मारिली, तोफ सापडेना, त्याने संशय अधिकच बळावला.

"हे गाण्यासाठीच आहे, याला पुरावा काय?"

बाईंनी माईक त्यांचे हाती दिला. "गाऊन बघा."

"मी कामावर आहे, बाई."

"मग काम समजून गा."

साहेबांनी आपल्या मुलखीचे विरहगीत आरंभिले. शेजारची बदके पाण्यात उतरली. परंतु चिपेने हिंमत सोडिली नाही. पडता सूर उचलिला, फाटता सांधिला, आणि अठ्ठ्याण्णव गुण झळकले. साहेब गहिवरले. आणखी एक म्हटले, मग आणखी एक, आणि चहा निवोन गेला. "हे माझ्या बायकोनं ऐकायला हवं होतं," इतुके बोलोन, लष्करी धोका नाही, ऐसा शेरा मारून दस्तक देविले.

चिप जहाजातून बंदरी उतरली, तोच खुद्द चीनच्या दरबाराचे फर्मान सुटले की, परक्याची चिप ती परक्याचा कान. यापुढे स्वदेशीच वापरावी. पेट्या बंदरीच अडकल्या. बाईंनी दस्तक मेजावर आपटून म्हटले, "तो म्हणतो देणार नाही, हा म्हणतो घ्यायची नाही!"

फुंगकाका म्हणाले, "एवढं भांडण, पण दोघांचं एकदाचं जमलं बघा."

बाई हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले, आणि उठोन स्वदेशी चिप यंत्रात बसविली. चिप नवखी, चार ओळींत तापे आणि सूर तैसाच सोडून देई. तिची पाहणी करावयास प्रांताचे अंमलदार थोंगसाहेब आले. फटाके वाजले, कसब्यातील मातबर मंडळी जमली, आणि साहेबांनी छाती फुगवून देशगौरवाचे पद म्हटले. यंत्राने एक्केचाळीस गुण दिले.

मातबर मंडळी आपापल्या जोड्यांकडे पाहू लागली.

"यंत्र बिघडलंय," साहेब बोलले.

बाईंनी अदबीने मान लवविली. "नाही साहेब. स्वदेशी आहे."

साहेबांनी पुन्हा म्हटले. अडतीस. मग मंडळींस बाहेर घालविले आणि आवाज उतरवून पुसिले, "आणि ती... दुसरी कुठाय?"

"बंदरात. आपल्याच हुकुमानं."

"आणा. अभ्यासासाठी म्हणा. आणि तिच्यावरचं नाव तेवढं खरवडून टाका."

तौलनिक अभ्यासाकरिता आयात, ऐसा हुकूम सुटला. अभ्यास किती चिपांचा, हे लिहावयाचे राहिले. बाईंनी अभ्यास सखोल मांडिला. कारखाना घणघणू लागला, कारागिरांनी सणानंतर परतण्याचा शब्द देऊन गाड्या पकडिल्या, आणि बाईंनी मडके तळापर्यंत खरवडून खाल्ले.

पुढे समुद्रापारच्या पातशाहीने जाहीर केले की, आमचे बंदीने शत्रू नामोहरम जाहला. चीनच्या दरबारानेही जाहीर केले की, स्वदेशी चिपेने बंदी मोडून काढिली. दोहींकडे नगारे वाजले. बाईंनी पुसिले, "काका, खरं जिंकलं कोण हो?"

"आपण. पण बोलायचं नाही कुठं."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जिंकणारांस बोलावयाची सोय नाही, सबब लिहून ठेविली असे.