किल्ल्याच्या वाटेवरचा शेंदूर

सोनगीरचा किल्ला ना? मला विचारा! आग्रा रोडवरचे ट्रकवाले नुसती मान वर करून बघतात आणि पुढे जातात. आम्ही तर त्याच्या पायथ्याशीच जन्मलो, तिथंच किराणा दुकान चालवतो. "डोळे बांधून फिरवून आणीन!" असं मी वडिलांना छाती ठोकून सांगितलं.

वडील हरखले. जळगावचे प्रकाशचंदजी आणि त्यांची बायको धापूबाई माझ्या बहिणीला, कुसुमलताला, आपल्या मुलासाठी बघायला येणार होते. प्रकाशचंदजींना जुन्या किल्ल्यांचं भलतंच वेड! त्यांचा निरोपच होता, आधी किल्ला, मग मुलगी. दोन ठिकाणी आधीच नकार आलेला. कुसुम वरवर हसायची, पण तिचं जेवण कमी झालेलं मला दिसत होतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? किल्ल्यावर मी शेवटचा गेलो तेव्हा हाफ पँटीत होतो! बोरी-बाभळींतून गुरांच्या इतक्या वाटा फुटलेल्या, की गुरंसुद्धा चुकत असतील. म्हणून आदल्या दिवशी एकटाच जाऊन वाट शोधली आणि वळणावळणावर एकेक गोटा मांडून ठेवला. खुणेला चुना लावणार होतो, पण दुकानातला चुना संपलेला. हनुमान जयंतीचा शेंदूर मात्र उरला होता. कालवला तेलात आणि फासला गोट्यांना! काय झळकत होते! स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश झालो, की दिवस मावळायच्या आत घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन निघालो. पहिल्या वळणावर बघतो तर काय, माझ्या गोट्यापुढे नारळ फोडलेला!

"हे कोणतं दैवत?" प्रकाशचंदजींनी हात जोडून विचारलं.

"हा... हा वाटेचा देव!" मी ठोकून दिलं. "फार प्राचीन! किल्ल्याच्याही आधीचा!"

"पण शेंदूर तर ओला दिसतो."

"रोज लावतात! परंपरा आहे!"

दुसऱ्या गोट्यापुढे उदबत्त्या. तिसऱ्या वळणावर गोटाच नाही! चौथ्यावरही नाही! मग काय, तोंडाने इतिहास सांगत, नाकासमोर दिसेल त्या वाटेने मी पाहुण्यांना पुढे काढलं. धापूबाईंच्या लुगड्याला बाभळीने तीन ठिकाणी धरलं. शेवटी झाडीतून बाहेर पडलो, तर समोर मोठा लिंब, त्याखाली बायकांची ही गर्दी, आणि मधोमध माझे बाकीचे सगळे गोटे ओळीने मांडलेले!

आमच्या शेजारच्या झुंबरबाई धावतच आल्या. "निर्मलभाऊ, रातमा देव निंघनात! ऊनमा बिचारा कितला तपतीन? आम्हीन बठ्ठासले लिंबखाल लई उनूत!" म्हणजे रात्रीत निघालेले देव उन्हात तापू नयेत म्हणून बायकांनी उचलून सावलीत आणले होते!

मी घाईघाईने पाहुण्यांना दुसऱ्या वाटेने नेलं. फिरून फिरून पुन्हा तोच लिंब! तिसऱ्या वाटेने नेलं. पुन्हा तोच लिंब!

"फेऱ्या मारी ऱ्हायनात का?" झुंबरबाई कौतुकाने म्हणाल्या. "लगीनना नवस शे वाटस!"

प्रकाशचंदजी माझ्याकडे बघू लागले. मी जमिनीकडे. तोंडातून शब्द फुटेना. धापूबाई तर मटकन खालीच बसल्या. त्यांच्या तळपायात काटा घुसला होता. संपलं! तिसरा नकार, आणि तोही माझ्यापायी! मला अक्षरशः रडू यायला लागलं.

तेवढ्यात बायकांमधून डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी पुढे आली. तिने अलगद काटा काढला. मग घागरीतलं पाणी पदराच्या टोकातून गाळून लोटाभर धापूबाईंपुढे धरलं.

"अगं, डोंगरावरसुद्धा पाणी गाळून देतेस?" पाणी गाळूनच पिणाऱ्या जैन घरातल्या धापूबाई एकदम फुलल्या. "कोणाच्या घरची गं तू?"

"ही? आपला निर्मलभाऊनी बहीण शे!" झुंबरबाई म्हणाल्या.

पदर जरा सरकला. कुसुम! घरी नटून-थटून, चहाचा ट्रे घेऊन तयार असायला हवी होती ती! पण धापूबाईंनी तिचा हात धरला तो सोडेचनात. "अहो, किल्ला राहू द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सून सापडली!"

प्रकाशचंदजींनी बुरुजाकडे एकदा हळहळून बघितलं आणि मान डोलावली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

खाली उतरताना कुसुमला बाजूला घेऊन कुजबुजलो, "वेडे, तू इथं कशाला आलीस?"

"नवस बोलायला!" ती म्हणाली. "सकाळी नळावर सगळ्या बायका सांगत होत्या, नवा देव निघालाय म्हणून. म्हटलं, देवा, आज पाहुण्यांपुढे माझ्या भावाचं तोंड तेवढं बंद ठेव. आणि बघ ना, तिसऱ्या फेरीला कसा गप्प झालास! फार कडक देव आहे, दादा. परत चल, तूही हात जोड."

गेलो आणि जोडले. सांगतो कोणाला!