बेतायच्या टेबलाची मोहीम, अर्थात दोन मुलुखांच्या कामकरी बायकांची मोजदाद

ऐकणाराचे चित्त स्वस्थ असो. तख्ते पालटली, किल्ले ढासळले, ते लिहिणारे बहुत जाहले. परंतु एके दुपारी, एका घराचे पुढील खोलीत, कापड बेतायच्या टेबलावर दोन मुलुखांची जुंपली, तो मजकूर कोणी लिहिला नाही, सबब येथे लिहिला असे.

ते खोलीत ताईसाहेबांचे शिलाईचे दुकान. बिस्किटांच्या कारखान्यातील बायकांचे एप्रन शिवून होत आले, बटणे लावणे आणि शेवटले काही बेतणे तेवढे बाकी, आणि दिवेलागणीस मुकादमबाई जातीने न्यावयास येणार, आणि माल चुकल्यास पुढील वर्षाचे काम चौकातल्या टेलरकडे जाणार, ऐसा निर्वाणीचा समय. ऐशात ताईसाहेबांचे धाकटे बंधू, शेजारील मुलुखी रंगाचे दुकान थाटून राहिलेले, बहिणीच्या भेटीस दाखल जाहले, आणि ताईसाहेबांच्या यजमानांनी चहाबरोबर विषय काढिला की, कामकरी बायकांची फौज कोणत्या मुलुखाची थोर?

मग काय विचारता! यजमानांनी आकडे काढावयास खिशातून मोबाइल उपसला, या मेहुण्यांनी आपला उपसला, आणि उभयतांनी टेबल काबीज करून कपबशांचे मोर्चे लाविले, आणि ताईसाहेबांचाच खडू घेऊन एप्रनाच्या कापडावर दोन मुलुखांचे दोन खांब काढिले, आणि ताईसाहेबांचीच टेप लावून ते मोजिले. यजमानांचे म्हणणे, एकूण डोकी मोजावी, की आपला खांब उंच. मेहुण्यांचे म्हणणे, तुमचा मुलूखच अफाट, त्यात पराक्रम तो काय. शंभर बायकांत कामाला किती, ते पाहावे, म्हणजे आमचा खांब वर. ऐशी हातघाई जाहली की चहा निवाला, आणि ताईसाहेब मशिनीवरून टेबल सोडा म्हणोन कानीकपाळी ओरडल्या, ते पालथ्या घड्यावर पाणी.

अखेर ताईसाहेबांनी मशीन थांबविली आणि पुसिले, "या खांबात मी कुठे आहे?"

यजमान सहज बोलून गेले, "तू कशाला असशील त्यात? तू तर घरीच असतेस."

ताईसाहेबांस बहुत वाईट वाटले. ज्या मशिनीवर रात्रीचा दिवस केला, ती काय शोभेला ठेविली होती, ऐसे मनात येऊन डोळे भरले, आणि मग डोळे पुसून त्यांनी फर्माविले की, घरी असणारी बाई काम करीत नसते, सबब काम बंद. ज्यांस मोजता येते त्यांनीच एप्रन पुरे करावे आणि मुकादमबाईंस तोंडही त्यांनीच द्यावे.

मेहुणे खदखदून हसले. तो ताईसाहेबांनी तोफ तिकडे वळविली. "आणि माझी भावजय रे?"

"ती? ती नुसती गल्ल्यावर बसते, ताई."

"कधीपासून कधीपर्यंत?"

मेहुणे म्हणाले, दुकान उघडल्यापासून बंद होईतो, आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. ताईसाहेबांनी तत्काळ फोन लावून हा जबाब भावजयीस कळविला, आणि पलीकडून हुकूम आला की, उद्यापासून गल्ला आणि गिऱ्हाइके दोन्ही त्यांनीच सांभाळावी.

येणेप्रमाणे दोन्ही मुलूख शरण आले. कपबशा हालल्या, टेबल सुटले, आणि यजमानांनी ब्रश घेऊन आपला उंच खांब आपल्याच हाते झाडिला, आणि मेहुण्यांनी बटणे लाविता बोटे टोचून घेतली, आणि पहिली काही बटणे उलट्या बाजूस लागल्याने उसवावी लागली, आणि मग ताईसाहेबांस दया येऊन बेतणी त्यांनी हाती घेतली. दिवेलागणीस मुकादमबाई आल्या, माल पाहोन राजी जाहल्या, पुढील वर्षाचे काम पक्के केले. छान शिवलेत, कोणी शिवले, ऐसे त्यांनी पुसता, एरव्ही "आम्ही शिवतो" म्हणणारे यजमान हळूच बोलिले, "हिनं. दुकान हिचंच आहे." ताईसाहेबांस ते ऐकोन फार बरे वाटले, परंतु दाखविले नाही.

फत्ते जाहली ती येथे नमूद असे. आमचे मुलुखाची फौज एका बाईने वाढली, शेजारील मुलुखाचीही एकीने वाढली, आणि दोहोंतील फरक होता तोच राहिला. मात्र रात्री जेवतेवेळी यजमानांनी अर्ज गुजारिला की, आम्ही दोघांनी दुपारभर बटणे लाविली, ते कोणत्या खांबात धरावे? त्यावर ताईसाहेबांचा निवाडा जाहला, "कशाला धरायचं? तुम्ही तर घरीच होतात."