चार भीमराज आणि एक जिटर

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कोपरगाव तालुक्यात कॉम्प्युटरवर कोरस गाणारा पहिला माणूस मी! दुसरा, तिसरा आणि चौथाही मीच!

ते कसं, ते ऐका.

साल अठ्ठ्याण्णव. मी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला आणि राहायला कारखान्याच्याच कॉलनीत. आमची एक गायन पार्टी होती. पेटी आणि गाणं माझ्याकडं, ढोलकी गोरक्षनाथकडं, आणि मागं कोरसला माझी बायको पुष्पावती आणि कॉलनीतल्या दोघीतिघी. दर चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर पहिलं गाणं आमचंच.

मग पुष्पावती गेली. लेक वृषाली लग्न होऊन नाशिकला गेली. आणि गोरक्षनाथ रुसला. त्याचं असं झालं, की गडी ढोलकी वाजवायला लागला की थांबत नाही. दर ओळीला वेग वाढतो. गेल्या जयंतीला मी भर स्टेजवर म्हणालो, "गोरख, ढोलकी वाजवतोस का एस्टी पकडतोस?" लोक हसले. त्यानं तिथल्या तिथं ढोलकीला खोळ घातली आणि घर गाठलं. तेव्हापासून कारखान्याच्या गेटवर मी दिसलो की तो आभाळाकडं बघायचा. जणू चिमणीचा धूर आजच पहिल्यांदा निघालाय!

घरात आवाज म्हणाल तर पंख्याचा. तोही उन्हाळ्यातच.

अशात जयंती कमिटीची पोरं आली. "काका, यंदा गाणं होणार का?"

सवाल साधा होता. पण 'पार्टी मोडली' हे शब्द तोंडातून निघेनात. त्याऐवजी निघालं, "होणार म्हणजे काय! कोरससकट होणार!"

पोरं खूश होऊन गेली. मी घरात एकटा. कोरस आणायचा कुठून?

मग नजर गेली कॉम्प्युटरवर. वृषालीच्या कोर्ससाठी घेतलेला. ती सासरी गेल्यापासून तो फडकं पांघरून कोपऱ्यात बसला होता. मी ठरवलं, कोरसमधला एकेक आवाज आपणच गायचा, एकावर एक रेकॉर्ड करायचा, कॅसेट भरायची, आणि स्टेजवर ती लावून तिच्यापुढं ऐटीत गायचं. चार माणसं गोळा करायला नकोत, चहा नको, रुसवे नकोत!

स्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्या सुनीलला बोलावलं. त्यानं समजावलं, "काका, कॉम्प्युटर आवाजाचे एका सेकंदाला चव्वेचाळीस हजार तुकडे करतो. वाजवताना तेच तुकडे परत जोडतो."

"चव्वेचाळीस हजार? आवाज आहे का कोथिंबीर!"

"हे काम साउंड कार्ड करतं. पण तुमचं कार्ड जुनं. ते एक तर ऐकवणार, नाहीतर ऐकणार. दोन्ही एकदम नाही."

"आमच्या चीफ इंजिनिअरसारखं," मी म्हणालो. "मग?"

"दुसरं एक कार्ड बसवू. एक कार्ड तुम्हाला आधीचा आवाज ऐकवेल, तुम्ही त्याच्याबरोबर गायचं, ते दुसरं कार्ड टिपून घेईल."

बसवलं. दारं-खिडक्या लावल्या, हेडफोन चढवला आणि गायलो. मग त्या गाण्याबरोबर परत गायलो. मग त्या दोघांबरोबर तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा. घशाचं पार भुस्कट झालं. पण ऐकताना काय वाटलं म्हणून सांगू! पहिली ओळ चौघांनी एकदम उचलली. भरल्या घरासारखा आवाज! माझे डोळेच भरून आले.

दुसऱ्या कडव्याला मात्र काहीतरी फाटायला लागलं. आधी आवाज नुसता जाड झाला. मग कारखान्यातून पाळी सुटल्यावर माणसं पांगतात तसे चौघं पांगले. पहिला पुढं निघून गेला, दुसरा त्याच्यामागं, तिसरा वाटेत चप्पल शोधत बसल्यासारखा. शेवटी पहिल्यानं गाणं संपवलं, दुसऱ्यानं संपवलं, तिसऱ्यानंही संपवलं, आणि चौथा भीमराज एकटाच शेवटची ओळ गात राहिला. मांडव रिकामा झाल्यावर मागं राहिलेल्या पाहुण्यासारखा.

त्याची मला दया यायला हवी होती. पण मला आला राग! दुसऱ्या दिवशी परत रेकॉर्ड केलं, परत तेच. मी हेडफोन लावून ओरडायला लागलो, "ए, मागं का पडतोस? तिसऱ्या, जरा लाज बाळग! आणि चौथ्या, तुला तर मी घरातच घेणार नाही!"

भिंतीपलीकडं छबूबाई राहतात. त्यांना हे सगळं ऐकू जात होतं. हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी सुनीलला फोन लावला. आमच्या फोनच्या लाइनवर बोलायचं म्हणजे नदीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायची. सुनील सांगत होता ते असं : प्रत्येक कार्डावर तुकडे मोजणारं स्वतःचं घड्याळ असतं. माझ्या दोन कार्डांची दोन घड्याळं, त्यांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून नवा आवाज दर वेळी जास्त मागं सरकतो. वर स्वस्तातल्या कार्डाचं घड्याळ थरथरतं, एखादा ठोका जरा आधी, एखादा जरा नंतर. तुकडे वेडेवाकडे पडतात, आवाज खरखरतो. त्या थरथरीला म्हणतात जिटर. सरळ उपाय म्हणजे दोन्ही कार्डं काढायची आणि सगळी कामं एकाच घड्याळावर करणारं चांगलं कार्ड मुंबईहून मागवायचं.

हे तो बोलला. पण माझ्या दारात छबूबाई आमटीची वाटी घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांना ऐकू आलं ते फक्त माझं!

"काय? जिटर?... थरथर होते म्हणतोस?... म्हणूनच खरखर येते व्हय!... दोन्ही काढावी लागतील?... एकच नवं बसवायचं? एकावर चालेल ना रे सगळं?... मुंबई? इथं नाहीच का काही इलाज?... बरं. चौदा एप्रिलपर्यंत तरी निभेल का?"

मी फोन ठेवून वळलो तर दारात वाटी होती, छबूबाई नव्हत्या.

त्या थेट कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. नाशिकला फोन. "विरशाली, बाय, लगोलग निघ. तुज्या पप्पाला जिटर झालाय. दोनी किडन्या काढायच्या हायत!"

सकाळी दार उघडलं तर शेजारचे दोघे शहाळी घेऊन उभे. त्यांच्यामागं भजी मंडळातल्या बायका... चुकलो, भिशी मंडळातल्या, पण हातात भजी होती. मग कारखान्यातले लोक. सगळे हळू आवाजात बोलत होते.

"थरथर कुठं होते, भीमराजभाऊ?"

"वरच्या सुरात जास्त होते," मी म्हणालो. मला वाटलं, कॉलनीला एकाएकी संगीताची गोडी लागली!

"कधीपासनं?"

"दुसरं कार्ड बसवल्यापासून."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. छबूबाईंनी पदर डोळ्याला लावला. "डोक्यात गेलंय," त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी ओरडलो, "अहो, मला काही झालेलं नाही! आवाजाला झालाय जिटर, आवाजाला!"

"बाई गं! घशाचं हाय!" कोणीतरी कळवळलं. "तंबाखूमुळं!"

मी जितकं समजावलं तितका आजार वाढत गेला. दुपारपर्यंत तो किडन्या, घसा आणि मेंदू असा तिन्ही ठिकाणी पसरला होता. शेवटी मी समजावणं सोडलं. आणि एक सांगू? पुष्पावती गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या दिवशी घरातले कप चहाला पुरले नाहीत. कोणी पाटावर बसलं होतं, कोणी खिडकीत. एकानं तर आतून सांडशी मागितली तेव्हा ती कुठं ठेवलीय तेच मला आठवेना. मी गप्प पडून राहिलो. उशीला टेकून, जमेल तेवढा थकलेला दिसत.

उन्हं कलल्यावर सगळे गेले, आणि दारात गोरक्षनाथ. हात मागं बांधलेले, नजर आभाळाऐवजी उंबऱ्यावर.

"ऐकलं ते खरं हाय का?"

"काय ऐकलंस?"

"दोनी गेल्या म्हनं." त्यानं मागचे हात पुढं घेतले. "भीमराज, माजी एक घे. मला काय करायच्यात दोन? ढोलकीला हात लागत्यात, किडनी न्हाई लागत."

मी उठलो, त्याला खुर्चीवर बसवलं आणि कॉम्प्युटर लावला. स्पीकरमधून चौघं गायला लागले. गोरक्षनाथचे कान टवकारले. किडन्या विसरून गड्याची बोटं मांडीवर चालायला लागली.

"मंजे नवी पार्टी जमवली तू! मला न सांगता!"

"ऐक तर."

"पयला बरा हाय. दुसरा ढिला हाय. तिसऱ्याला हाकल. आन हा चौथा कोन रं? झोपंत गातोय का काय?"

"चौघंही मीच, गोरख."

मी त्याला सगळं सांगितलं, घड्याळं, तुकडे, जिटर. त्यानं एकच विचारलं, "मंजे तुज्या किडन्या हायत?"

"आहेत."

"दोनी?"

"दोन्ही."

"मंग मी हितं आलो कशाला!" तो ताडकन उठला. दारापर्यंत गेलाही.

"चहा टाकतोय," मी म्हणालो.

तो उंबऱ्यावर थांबला.

"साकर कमी टाक," तो म्हणाला आणि परत येऊन बसला.

वृषाली आली तेव्हा आमचं दोघांचं तालावरून कडाक्याचं भांडण चाललं होतं. बॅग हातात, डोळे रडून सुजलेले. सगळं ऐकून ती आधी हसली, मग चिडली.

"पप्पा, दर रविवारी फोनवर म्हणता, मजेत आहे. हे मजेत? दारं लावून चार-चार आवाजांत एकटेच गात बसता?"

मी तिच्या हातातली बॅग घेतली. गोरक्षनाथ बशीत बघत चहा ओतत राहिला.

जयंतीला आम्ही गायलो. कॅसेटशिवाय. कोरसला वृषाली, छबूबाई आणि जुन्या दोघी. गोरक्षनाथनं दुसऱ्या कडव्याला एस्टी पकडली ती थेट शेवटच्या ओळीला सोडली. मी धापा टाकत मागं, कोरस आमच्या दोघांच्या मध्ये कुठंतरी. सगळे वेगवेगळ्या वेळेला पोहोचलो! पण टाळ्या अशा पडल्या, की मी गहिवरून दोनदा वाकून नमस्कार केला. उतरताना पुढच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला सांगत होता, "किडन्या नसताना काय गायला राव!"

वृषाली नाशिकला गेली. मी ठणठणीत आहे हे हळूहळू सगळ्यांना पटलं, आणि अर्थातच येणंजाणं थांबलं. सुनीलनं जास्तीचं कार्ड काढून नेलं. मुंबईहून काही मागवलं नाही.

आता संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो. त्यात एक खेळ असतो, एकट्यानं खेळायचा. परवा खेळत होतो तर गोरक्षनाथ आला. काम काही नव्हतं. खुर्ची ओढून मागं बसला आणि माझ्या खांद्यावरून बोट घालायला लागला.

"लाल नव्वी काळ्या दश्शीवर ठेव की! आरं, दिसंना का तुला?"

"गोरख, हा खेळ एकट्यानं खेळायचा असतो."

"मंग? जाऊ का मी?"

मी माऊस तेवढा त्याच्याकडं सरकवला. त्यानं पाच मिनिटांत चांगला जमत आलेला डाव पार घालवला!